जगात धान्य-तेल महाग होतं तेव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूरला थोरल्या भावाचं किराणा दुकान आहे आणि गावाकडे आप्पांची सोयाबीनची शेती. त्यामुळे तेल चढलं की आमच्या घरात एकाच वेळी एकाच्या कपाळाला आठ्या पडतात आणि दुसऱ्याची कळी खुलते. खालचे प्रश्न दुकानाच्या काउंटरवर, मोंढ्यात (धान्याच्या घाऊक बाजारात) आणि परदेशातल्या नातेवाइकांच्या फोनवर पुन्हा पुन्हा ऐकलेले आहेत.

‘जागतिक भाव वाढले’ म्हणजे नक्की कुठले भाव?

संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना, म्हणजे एफएओ, दर महिन्याला एक निर्देशांक काढते. त्यात धान्य, खाद्यतेल, दूध-लोणी, मांस आणि साखर असे पाच गट आहेत. २०१४ ते २०१६ या वर्षांची सरासरी १०० धरली आहे. मार्च २०२२ मध्ये हा आकडा १६० च्या घरात गेला आणि तो आजवरचा उच्चांक आहे. पेपरात ‘अन्नधान्याचे जागतिक भाव’ असा मथळा आला की बहुतेक वेळा हाच आकडा असतो.

प्रत्यक्ष सौदे मात्र वेगवेगळ्या ठिकाणी होतात. गहू, मका आणि सोयाबीनसाठी सगळे अमेरिकेतल्या शिकागोच्या बाजाराकडे बघतात, पाम तेलासाठी मलेशियाकडे, तांदळासाठी थायलंड आणि व्हिएतनामच्या भावाकडे. हे सगळं डॉलरमध्ये. त्यात जहाजभाडं, रुपयाचा दर, आयातशुल्क, मग इथला घाऊक आणि किरकोळ नफा मिळवा, म्हणजे तुमच्या पिशवीवरचा भाव निघतो.

पीक कमी आलं की भाव वाढतात. यात एवढं समजून घेण्यासारखं काय आहे?

पीक कमी येणं हे एक कारण झालं. पण जगात पिकणारं बरंचसं धान्य जिथे पिकतं तिथेच खाल्लं जातं. गव्हाचा साधारण पाव हिस्सा देशाबाहेर जातो. तांदळाचा तर जेमतेम दहावा. गावात दहा विहिरी आहेत, नऊ घरच्या वापराच्या आणि एकच पाणी विकणारी, असं समजा. त्या एका विहिरीला कुलूप लागलं तर गावात पाणी भरपूर असूनही विकत घेणाऱ्याचा घसा कोरडा पडेल.

दुसरी गोष्ट, महाग झालं म्हणून जेवण पुढे ढकलता येत नाही. टीव्ही महागला तर माणूस पुढच्या दिवाळीपर्यंत थांबतो. ज्वारी महागली तर संध्याकाळपर्यंतही थांबता येत नाही. त्यामुळे पुरवठ्यात थोडीशी तूट आली तरी भावात मोठी उडी येते. ती तूट शेवटी भरून निघते ती ज्याला परवडत नाही त्याच्या ताटातून.

२००८ साली तांदूळ अचानक एवढा का भडकला होता?

माझ्या मते हा सगळा विषय समजून घ्यायला यापेक्षा चांगलं उदाहरण नाही, कारण त्या वर्षी तांदळाचं पीक काही बुडालेलं नव्हतं.

झालं असं, की गहू आणि तेल आधीच महागले होते. गहू बाहेरून आणायचा तर खर्च फार, मग घरचा तांदूळ तरी घरात राहू दे, असा विचार करून भारताने ऑक्टोबर २००७ मध्ये बिगर-बासमती तांदळाच्या निर्यातीवर बंदी घातली. पुढे किमान निर्यात मूल्याची, म्हणजे ठरावीक भावाच्या खाली न विकण्याच्या अटीवर निर्यातीची, पळवाट काही काळ ठेवली आणि २००८ च्या एप्रिलमध्ये दार पुन्हा पूर्ण लावलं. व्हिएतनामनेही हात आखडता घेतला. आता विकणारा मोठा देश उरला थायलंड. फिलिपिन्स तेव्हा तांदळाचा सर्वांत मोठा आयातदार होता. त्यांच्या सरकारने घाबरून मोठमोठ्या निविदा काढल्या आणि मिळेल त्या भावाने घ्यायची तयारी दाखवली. विकणाऱ्यांनी ओळखलं, गिऱ्हाईक अडलंय. मनिलात सरकारी तांदळाच्या विक्रीवर हत्यारबंद सैनिक उभे करावे लागले. जानेवारीत टनाला चारशे डॉलरच्या आत असलेला थाई तांदूळ मेपर्यंत हजाराच्या वर गेला.

आणि उतरला कसा? जपानच्या गोदामांत पंधरा लाख टनांच्या आसपास आयात केलेला तांदूळ पडून होता, त्यातला बराचसा अमेरिकेचा. जागतिक व्यापार कराराच्या अटीमुळे जपानला तो घ्यावाच लागतो, पण तिथले लोक तो फारसा खात नाहीत. हा तांदूळ बाहेर विकायला परवानगी मिळणार, एवढी बातमी मेअखेर फुटली आणि भाव घसरायला लागले. प्रत्यक्षात त्यातला तांदूळ जवळपास कुठे गेलाच नाही. नुसत्या बातमीने चढला होता, बातमीनेच उतरला.

आमची आजी ‘मिलो’ची आठवण सांगते. त्याचा याच्याशी काही संबंध?

आहे. १९७२ चा दुष्काळ आपल्याकडे खडी फोडण्याच्या कामांनी, सुकडीने आणि रेशनवर मिळणाऱ्या अमेरिकेच्या तांबड्या मिलो ज्वारीने लक्षात राहिला आहे. तिकडे ती जनावरांना घालतात हे तेव्हा रांगेतल्या बऱ्याच जणांना ठाऊक होतं. त्याच वर्षी सोव्हिएत संघाचंही पीक बसलं होतं आणि त्यांनी गाजावाजा न करता अमेरिकेकडून प्रचंड गहू उचलला, तोही तिथल्या सरकारी अनुदानाच्या भावात. अमेरिकेला कळेपर्यंत कोठारं रिकामी व्हायला लागली होती. पाठोपाठ १९७३ च्या ऑक्टोबरपासून खनिज तेल भडकलं. म्हणजे महाराष्ट्रात दुष्काळ होता तेव्हाच जगाच्या बाजारातही धान्य महाग होतं. गंमत अशी, की १९७३ मध्ये त्याच सोव्हिएत संघाने भारताला वीस लाख टन गहू उसना दिला.

पेट्रोल-डिझेल आणि भाकरी यांचा संबंध फक्त वाहतुकीपुरता आहे का?

नाही, वाहतूक हा त्यातला लहान भाग. मोठा भाग खताचा. युरिया बनतो अमोनियापासून आणि अमोनिया बहुतेक ठिकाणी नैसर्गिक वायूपासून. वायू महागला की खत महागतं, शेतकरी हात राखून टाकतो आणि पुढच्या हंगामात उतारा कमी पडतो. म्हणून खताचा फटका सहा-आठ महिने उशिरा दिसतो. आपल्याकडे हे जाणवत नाही, कारण ४५ किलोची युरियाची गोणी सरकारने २६६ रुपये ५० पैशांवर बांधून ठेवली आहे. फरक तिजोरीतून जातो. २०२२-२३ मध्ये खत अनुदानाचा आकडा अडीच लाख कोटींवर गेला होता.

दुसरा धागा इथेनॉलचा. अमेरिकेने २००५ आणि २००७ च्या कायद्यांनी पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचं प्रमाण ठरवून दिलं. आज तिथल्या मक्याचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग इथेनॉलच्या कारखान्यांत जातो. जानेवारी २००७ च्या अखेरीस मेक्सिको शहरात हजारो लोक टॉर्टिया महागल्या म्हणून रस्त्यावर उतरले. टॉर्टिया पांढऱ्या मक्याची आणि इथेनॉल पिवळ्याचं, पण एक चढला की दुसरा मागे राहत नाही. आपणही आता त्याच वाटेवर आहोत. डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल या भीतीने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर सरकारने लगाम घातला. मग मागणी मक्याकडे वळली आणि कोंबडीखाद्यवाले ओरडायला लागले.

युक्रेनमधलं युद्ध लातूरच्या दुकानापर्यंत कसं पोचलं?

साध्या हिशोबाने. भारत खातो त्या तेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं, वर्षाला दीड कोटी टनांच्या आसपास. पाम तेल इंडोनेशिया-मलेशियाचं, सोयाबीन तेल अर्जेंटिना-ब्राझीलचं आणि सूर्यफूल तेल तेव्हा बहुतांश युक्रेनचं. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने हल्ला केला, ओडेसाची बंदरं बंद पडली आणि सूर्यफुलाची जहाजं थांबली.

त्या मार्चमधलं दुकान मला आठवतं. घाऊकवाल्याचा फोन सकाळी एक भाव सांगायचा आणि दुपारी दुसरा. सूर्यफुलाची लिटरची पिशवी दोनशेच्या जवळ गेली. महिन्याला पाच लिटरचा कॅन नेणारी गिऱ्हाइकं एकेक पिशवीवर आली आणि पिशवीवाली पावशेर सुट्या तेलावर. धुणीभांडी करणाऱ्या एक मावशी रोज संध्याकाळी कडीचा स्टीलचा डबा घेऊन यायच्या. भाव ऐकून म्हणाल्या, “भाऊ, निम्मंच द्या. भाजीला फोडणी घालते, पोळीला लावणं सोडून दिलंय.” भावाने उधारीच्या वहीत नवं पान उघडलं.

त्यात एप्रिलअखेर इंडोनेशियाने पाम तेलाची निर्यातच बंद केली, कारण तिथेही घरोघरी तेलाची टंचाई होती. जगात सर्वांत जास्त पाम तेल पिकवणाऱ्या देशात! तीन-चार आठवड्यांत बंदी उठली.

जुलै २०२२ मध्ये इस्तंबूलला संयुक्त राष्ट्रं आणि तुर्कस्तानच्या मध्यस्थीने काळ्या समुद्रातून धान्य नेण्याचा करार झाला. वर्षभरात सव्वातीन कोटी टनांहून जास्त माल बाहेर पडला. जुलै २०२३ मध्ये रशिया त्यातून बाहेर पडला.

टोमॅटो शंभरीपार गेला, तोही यातलाच प्रकार का?

नाही. टोमॅटो, मेथी, कोथिंबीर यांचं गणित पाऊस, उष्णता, रोग आणि नारायणगाव-कोलारसारख्या ठिकाणच्या आवकेवर चालतं. महिना-दीड महिन्यात चढतात आणि उतरतात. त्यासाठी शिकागोला दोष देऊ नका.

निर्यातबंदी ही आपल्या लोकांच्या भल्याचीच असते ना?

कुणाला ‘आपले लोक’ म्हणता त्यावर आहे. कांद्याचंच बघा. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क, ऑक्टोबरमध्ये टनाला ८०० डॉलर किमान मूल्य, ८ डिसेंबरला सरसकट बंदी. ती उठली ४ मे २०२४ ला, तीही शुल्क कायम ठेवून. शुल्क पूर्ण गेलं १ एप्रिल २०२५ ला. या काळात शहरातल्या गिऱ्हाइकाचे वाचले ते पैसे लासलगाव-पिंपळगावच्या शेतकऱ्याच्या खिशातून गेले. नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले ते काही हौसेने नव्हे.

बाहेरच्यांचंही एक दुखणं असतं. २०१९ मध्ये भारताने अचानक कांदा अडवला तेव्हा बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत जाहीरपणे म्हणाल्या होत्या, की मी माझ्या आचाऱ्याला कांद्याशिवाय स्वयंपाक करायला सांगितलंय, आधी कळवलं असतं तर बरं झालं असतं. हसत म्हणाल्या, पण टोमणा झोंबणारा होता.

तांदळात तर भारत आता जगाचा सावकार आहे. जगातल्या तांदूळ निर्यातीतला सुमारे ४० टक्के वाटा आपला. २० जुलै २०२३ ला बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली आणि त्या शनिवार-रविवारी अमेरिकेतल्या भारतीय दुकानांत सोना मसूरीसाठी रांगा लागल्या. न्यू जर्सीतल्या माझ्या मामेबहिणीने चार पोती आणून ठेवली, दोघांच्या संसाराला. तिला काही कमी पडलं नसतं. ज्यांना खरोखर कमी पडलं ते पश्चिम आफ्रिकेत होते. तिथल्या गरिबांचं पोट आपल्या स्वस्त तांदळावर चालतं. थाई तांदूळ त्या ऑगस्टमध्ये पंधरा वर्षांतल्या उच्चांकावर गेला.

सरकारचीही बाजू आहे. २०२३ चा ऑगस्ट हा १९०१ पासूनच्या नोंदींतला सर्वांत कोरडा ऑगस्ट होता, समोर निवडणूक होती, आणि घरच्या माणसाला उपाशी ठेवून परक्याला वाढणारं सरकार कुठेच टिकत नाही. माझा आक्षेप बंदीला कमी आणि ती ज्या रीतीने येते त्याला जास्त आहे. रात्री अधिसूचना निघते, सकाळी मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरात कंटेनर अडकलेले असतात.

भाव वाढले तर शेतकऱ्याचं भलंच होईल की?

आप्पांचा अनुभव सांगतो. २०२१ च्या जुलै-ऑगस्टमध्ये लातूरच्या मोंढ्यात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या आसपास गेलं. तेव्हा आप्पांच्या घरात एक दाणाही नव्हता. सगळं सोयाबीन दिवाळीच्या आधीच आडतीवर घातलेलं, खताची आणि बियाण्याची उधारी फेडायला. भाव चढला तो साठवू शकणाऱ्यांच्या मालाला. त्याच ऑगस्टमध्ये कोंबडीखाद्यासाठी केंद्राने १२ लाख टन जनुकबदल सोयापेंड आयात करायला परवानगी दिली, आणि आमचा नवा माल मोंढ्यात येईपर्यंत भाव निम्म्यावर आला.

२०२४ मध्ये उलटं झालं. हमीभाव ४,८९२ रुपये आणि बाजारात त्याहून कितीतरी कमी. सप्टेंबरमध्ये सरकारने कच्च्या खाद्यतेलावरचं आयातशुल्क शून्यावरून २० टक्क्यांवर नेलं, शेतकऱ्याला आधार म्हणून. तेल लगेच चढलं. सोयाबीन फारसं हललं नाही, कारण सोयाबीनमध्ये तेल १८-२० टक्केच असतं. बाकी पेंड, आणि पेंडीचा भाव जगात पडलेला होता. मे २०२५ अखेर शुल्क पुन्हा १० वर आणलं. त्या वर्षभरात आमच्या घरी भाऊ आणि आप्पा दोघंही सरकारवर नाराज होते, उलट्या कारणांनी.

शिवाय आपले बहुतेक लहान शेतकरी एक पीक विकतात आणि बाकी सगळं विकत आणतात. आप्पा सोयाबीन विकतात. तेल, साखर आणि डाळ दुकानातूनच येते.

सगळ्यांत जास्त चटका कुणाला बसतो?

ज्याच्या खर्चातला मोठा हिस्सा खाण्यावर जातो त्याला. २०२२-२३ च्या सरकारी पाहणीनुसार भारतात ग्रामीण घराच्या खर्चातले ४६ टक्के खाण्यावर जातात, शहरी घराचे ३९. हीसुद्धा सरासरी झाली. रोजंदारीवरच्या घरात आकडा आणखी वर असतो.

देशांच्या बाबतीत हैती या कॅरिबियन देशाची गोष्ट विसरण्यासारखी नाही. १९९० च्या दशकात बाहेरच्या दबावाने त्यांनी तांदळावरचं आयातशुल्क ३ टक्क्यांवर आणलं. अनुदानावर पिकलेला अमेरिकी तांदूळ आला, लोक त्याला ‘मियामी तांदूळ’ म्हणायचे. तो स्वस्त होता, त्यामुळे गावची भातशेती मोडली. २००८ मध्ये तोच तांदूळ आवाक्याबाहेर गेला आणि परत फिरायला घरची शेती उरली नव्हती. भुकेला तिथले लोक ‘क्लोरॉक्स’ (हे एका ब्लीचचं नाव) म्हणायला लागले, पोटात ब्लीच ओतल्यासारखी आग. अमेरिकेचे माजी अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी २०१० मध्ये तिथल्या सिनेटसमोर कबूल केलं, की हे धोरण त्यांच्या अर्कान्सा राज्यातल्या काही शेतकऱ्यांना फळलं असेल, पण ती चूक होती.

घरात काय होतं ते सगळीकडे सारखंच. पोट भरणारा जिन्नस शेवटपर्यंत टिकतो. आधी फळं जातात, मग दूध, अंडी, मग डाळ पातळ होते. आणि पातळ डाळ सर्वांत शेवटी जेवणारीच्या वाट्याला येते.

भाकरीमुळे सरकारं पडतात, हे खरं आहे का?

हैतीत एप्रिल २००८ च्या दंगलींनंतर पंतप्रधान जाक-एदुआर अलेक्सी यांना जावं लागलं. सुदानमध्ये डिसेंबर २०१८ ला अतबरा शहरात पाव तिप्पट महागला तिथून आंदोलन पेटलं आणि एप्रिल २०१९ मध्ये ओमर अल-बशीर यांची तीस वर्षांची सत्ता संपली. इजिप्तमध्ये पावाला ‘ऐश’ म्हणतात, म्हणजे जगणं. १९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष सादात यांनी अनुदान कापलं, दोन दिवस देश पेटला, निर्णय मागे घ्यावा लागला. त्या धास्तीने सरकारी पावाचा भाव तीस वर्षांहून जास्त काळ ५ पियास्टरच (तिथले पैसे) राहिला. तो २० पियास्टर केला जून २०२४ मध्ये.

२०१० मध्ये रशियात दुष्काळ आणि वणवे, ऑगस्टमध्ये गहू निर्यातबंदी, आणि पुढच्या जानेवारीत कैरोच्या तहरीर चौकात ‘पाव, स्वातंत्र्य, सामाजिक न्याय’ अशी घोषणा. म्हणून काही जण अरब उठावाचं सगळं खापर गव्हावर फोडतात. मला ते पटत नाही. पोलिसी जाच आणि बेकारी आधीपासून होतीच. महाग पावाने त्यात भर घातली, इतकंच म्हणता येईल. श्रीलंकेतही २०२१ ची रासायनिक खतबंदी हे आर्थिक संकटाचं एक कारण होतं, एकमेव नाही.

हा सगळा सटोडियांचा खेळ आहे का?

अर्धवट खरं. तेजी असेल तर सट्ट्याचा पैसा ती आणखी फुगवतो, पण नसलेली तेजी वर्षभर उभी ठेवणं त्याला जमत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये बाजारांवर देखरेख करणाऱ्या सेबीने सोयाबीन, कच्चं पाम तेल, हरभरा, गहू अशा सात शेतमालांचे वायदे (पुढच्या तारखेचे सौदे) थांबवले. तरीही तीन महिन्यांनी तेल भडकलंच.

जगात भाव उतरले, दुकानात का उतरत नाहीत?

उतरतात, पण पाय ओढत. महाग घेतलेला माल आधी संपवायचा असतो. मजुरी आणि भाडं एकदा वाढलं की खाली येत नाही. ब्रेड-बिस्किटात गव्हाची किंमत थोडीच असते, बाकी वेष्टन, वीज, गाडीभाडं. आणि काही वेळा भाव तोच राहून पुडा हलका होतो. पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावरचं वजन वाचायची सवय ठेवा.

मग तेल महागणार अशी बातमी आली की डबे भरून ठेवावेत का?

नको. भावाने मार्च २०२२ च्या शेवटी चाळीस डबे भरले होते, पंधरा किलोवाले. मोंढ्यात सगळेच म्हणत होते, अजून चढणार. मेमध्ये इंडोनेशियाचं दार उघडलं, जूनपासून पाम तेल कोसळलं आणि बाकीची तेलंही त्यामागे उतरली. गिऱ्हाईक नव्या भावाने मागायला लागलं. डबे तोट्यात एकेक करून काढले. शेवटचे दोन घरीच आणले आणि त्या दिवाळीला आईने चकल्या इतक्या केल्या, की कार्तिकी एकादशी उलटली तरी डबा संपेना.